वंशावळ कुणाची, कागद कुणाचा?

अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी 'पंचीकरण' हा वेदान्तविषय ओव्यांमध्ये आणि आकृत्यांसह लिहून काढला. दासोपंतांचा जन्म १५५१ चा आणि समाधी याच गावची, १६१५ च्या सुमाराची. म्हणजे हे कापड चारशे वर्षांहून जुनं आहे. त्यांच्या वंशजांची 'थोरलं देवघर' आणि 'धाकटं देवघर' अशी दोन देवघरं गावात प्रसिद्ध आहेत. अशा घरांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलं म्हणून दासोपंतांचं लेखन आपल्यापर्यंत पोचलं.

समजा, तुम्ही या पासोडीचा मोबाइलवर फोटो काढला आणि घराण्याच्या इतिहासाची एक वेबसाइट करून तिच्यावर टाकला. आता यात कुणाचा काय हक्क आहे?

ओव्या सगळ्यांच्या आहेत. त्या कुणीही वाचाव्यात, छापाव्यात. कापड मात्र सगळ्यांचं नाही. ते ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं. ते उलगडून दाखवायचं की नाही, फोटो काढू द्यायचा की नाही, हे ते ठरवणार. फोटोवर तुमचा हक्क सांगता येईल, कारण तो तुम्ही काढला. आणि चौथी गोष्ट म्हणजे फोटोखाली तुम्ही लिहिलेली माहिती. ती तुम्हाला कुणीतरी सांगितली. त्या सांगणाऱ्याचं नाव तुम्ही लिहिलंत का?

मजकूर, वस्तू, नक्कल आणि माहिती. या चार गोष्टी वेगळ्या आहेत आणि चौघींचे धनी वेगळे असू शकतात. घराण्याचा इतिहास इंटरनेटवर टाकताना होणारे बहुतेक घोळ या चार गोष्टी एकच समजल्यामुळे होतात. 'आमच्याच घराण्याची माहिती आहे, आम्ही काहीही करू' असं एकजण म्हणतो. 'वंशावळ मी तयार केली, माझ्या परवानगीशिवाय कुणी वापरायची नाही' असं दुसरा म्हणतो. दोघंही थोडे बरोबर आणि बरेच चूक असतात.

हा प्रश्न आज बीड जिल्ह्यात केवळ हौसेचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर असं बरंच काही बाहेर आलं. काही मोडीत, काही उर्दूत. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर चढल्या. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार घ्यायची पद्धत ठरवली. या मागणीवर राज्यात टोकाची मतं आहेत. तो वाद इथे नको. इथे महत्त्वाचं एवढंच, की नोंद सापडून भागत नाही. नोंदीतल्या माणसापासून आपल्यापर्यंत नातं जोडून दाखवावं लागतं, आणि ते नातं म्हणजे वंशावळ. जी वंशावळ आजोबा कधीतरी उन्हाळ्याच्या सुट्टीत तोंडी सांगायचे, ती आता पीडीएफ होऊन भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते आहे.

कागद म्हणजे पुरावा, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

देशमुखी, पाटीलकी, कुलकर्ण, जोशीपण ही वतनं वंशपरंपरेने चालत. वतनावर दोन भाऊबंदांचा वाद पडला की प्रत्येकाला आपली पिढी सांगावी लागे. त्या निवेदनाला 'तकरीर' म्हणत, आणि हकिगत सविस्तर मांडली की 'करीना'. गोतसभा बसे, साक्षी होत, निकालाचा 'महजर' लिहिला जाई. आपण ज्याला आज कौटुंबिक इतिहास म्हणतो, त्यातला मोठा भाग असा भांडणातून लिहिला गेला आहे. साहजिकच त्यात बनावटही भरपूर. गैरसोयीची शाखा गाळायची, निपुत्रिक चुलत्याला मुलगा दाखवायचा, जुन्या शिक्क्याचा कागद तयार करायचा, हे उद्योग तेव्हाही चालत. म्हणून कागद आला कुठून, तो कुणाच्या हातून गेला, हे विचारायची सवयही तेव्हाच लागली.

पुढे इंग्रजी अमलात आणखी एक गोष्ट घडली. मुंबई इलाख्यात १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशन कामाला लागलं. सनदा दाखवा, हक्क सिद्ध करा. ज्यांना सिद्ध करता आला नाही त्यांची इनामं गेली. तेव्हापासून घरातलं दप्तर परक्याला दाखवायचं नाही, ही धास्ती अनेक घरांत मुरली. अंबाजोगाई तेव्हा निजामाच्या राज्यात होती, तिचं सरकारी नाव मोमिनाबाद. तिथे इनाम कमिशनचा हुकूम चालत नव्हता, पण निजामाच्या राज्यातही इनामांची चौकशी होई आणि तिच्या निकालाचा कागद म्हणजे 'मुंतखब'. हैदराबाद राज्य भारतात आल्यावर १९५२ चा हैदराबाद अतियात चौकशी कायदा आला. मराठवाड्यात आजही इनाम जमिनीचं प्रकरण निघालं की पहिला प्रश्न येतो, मुंतखब आहे का? त्यामुळे एखाद्या घरातली म्हातारी माणसं ट्रंक उघडायला तयार नसतील, तर तो नुसता विक्षिप्तपणा नसतो. कागद दाखवल्यावर काय काय जाऊ शकतं, हे त्या घराने कधीतरी पाहिलेलं असतं.

अशी ट्रंक उघडायला लावणं हे विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांचं आयुष्यभराचं काम. गावोगाव फिरायचं, लोकांच्या माळ्यावरचे रुमाल सोडायला लावायचे, नकला करायच्या. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, एकूण २२ खंड झाले. आपल्या बीडजवळच्या पाटांगणातून त्यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली आणि तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्यातही ते पुढे होते. घरातला कागद गावचा, देशाचा इतिहास असू शकतो, हे त्या पिढीने लोकांना पटवलं.

त्याचं सर्वांत ठळक उदाहरण एका घराण्याच्या टिपणांचं आहे. भोरजवळच्या कारी गावचे जेधे देशमुख हे शिवाजी महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या साथीदारांपैकी, कान्होजी जेध्यांचं घराणं. त्यांच्या घरात एक शकावली होती. शके अमुक, तिथी अमुक, घडलं काय, अशा त्रोटक नोंदी. ती जेधे घराण्याकडून लोकमान्य टिळकांकडे आली आणि टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात ती प्रसिद्ध केली. तोपर्यंत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मधला, म्हणजे १६२७ चा, असं सर्रास मानलं जाई. शकावलीत तिथी होती फाल्गुन वद्य ३, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे राजस्थानात मिळालेल्या एका जुन्या कुंडलीने तिला दुजोरा दिला. वाद बराच काळ चालला. आज सरकारी शिवजयंती याच तारखेला होते.

या गोष्टीत काय काय नीट झालं ते पाहा. घराण्याने कागद दिला. टिळकांनी तो आपल्या पुस्तकात विरघळवून टाकला नाही, मूळ मजकूर जसाच्या तसा लोकांपुढे ठेवला. त्यामुळे न पटणाऱ्यांना तो तपासता आला, खोडता आला. आणि त्या साधनाचं नाव पडलं 'जेधे शकावली'. टिळकांचं नाव त्याला चिकटलं नाही. इतिहासाच्या पुस्तकात आजही तळटीप त्या घराण्याच्या नावाने पडते. तेव्हा त्या घराला रॉयल्टी कुणी दिली नसेल, पण श्रेय मिळालं. घराण्याची माहिती वापरायची मराठी रीत कुठली, असं कुणी विचारलं तर मी या उदाहरणाकडे बोट दाखवीन.

याच काळात दुसरा एक प्रकार वाढला, कुलवृत्तांतांचा. विशेषतः कोकणस्थ आडनावांनी आपापली मंडळं काढली, छापील फॉर्म गावोगाव धाडले, आणि जाड ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांत अंबाजोगाईचं नाव पुन्हा पुन्हा येतं, कारण अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलस्वामिनी इथली योगेश्वरी. समुद्रकाठच्या गावातली माणसं बालाघाटाच्या डोंगरातल्या या देवीला कुळाचार म्हणून इतक्या लांब येतात, याची नोंद त्या पुस्तकांत घराण्यागणिक सापडेल. हे ग्रंथ म्हणजे पूर्ण झालेलं, संपादित केलेलं काम आहे. कुणीतरी वर्षानुवर्षं पोस्टकार्डं लिहिली, उत्तरं जुळवली, परस्परविरोधी माहितीतून निवड केली. आता ते स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत, आणि त्यांतली पानंच्या पानं नाव न घेता नव्या साइटींवर उतरवली जात आहेत.

इथे कायदा काय म्हणतो ते एकदा नीट पाहू.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं मूळ तत्त्व असं, की माहितीवर कुणाची मालकी नसते, माहिती मांडण्याच्या पद्धतीवर असते. तुमचे पणजोबा अमुक साली मोमिनाबादेत जन्मले, ही घटना आहे. ती सगळ्यात आधी मी शोधली तरी माझी होत नाही. मात्र पणजोबांविषयी मी लिहिलेला परिच्छेद माझा. कायद्याने तक्ते, संकलनं आणि डेटाबेस यांनाही साहित्यकृतीत धरलं आहे. मग वंशवृक्षाचा तक्ता करणाऱ्याला हक्क मिळतो का?

याचं उत्तर शोधताना एका मराठी आडनावाच्या खटल्यापाशी थांबावं लागतं. 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक'. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल १२ डिसेंबर २००७ ला दिला. वाद होता न्यायालयीन निकाल संपादित करून छापण्याचा आणि ते सीडीवर घेण्याचा. न्यायालयाने म्हटलं, मूळ निकाल सर्वांचे आहेत. आणि नुसते कष्ट केले म्हणून कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी स्वतःची बुद्धी, निवड, कौशल्य त्यात दिसलं पाहिजे. संपादकांनी लिहिलेले सारांश आणि परिच्छेदांची विचारपूर्वक केलेली विभागणी यांना संरक्षण मिळालं, यांत्रिक दुरुस्त्यांना नाही. अमेरिकेत १९९१ साली टेलिफोन डिरेक्टरीच्या एका खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असंच ठरवलं होतं, की वर्णानुक्रमे लावलेली नावं आणि नंबर कुणाच्या मालकीचे होत नाहीत.

हे वंशावळीला लावून पाहा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू एवढाच तक्ता असेल तर त्यावर हक्क सांगणं अवघड. पण कुलवृत्तांताच्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना, व्यक्तिचित्रं, दोन नोंदींतला विरोध सोडवणारी टिपणं ही त्याची. त्यांची मुदत किती? लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. आधी ५० होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याचा हक्क १९९१ अखेर संपत आला, तेव्हा ती वाढवली गेली. म्हणजे एखादा संपादक १९५० साली वारला असेल तर २०१० नंतर त्याचा ग्रंथ मोकळा झाला. १९७० साली वारला असेल तर २०३० अखेरपर्यंत थांबायचं. 'जुनं पुस्तक आहे, आता कोण विचारतंय' हे म्हणण्याआधी शीर्षकपान पाहण्याऐवजी लेखकाचं मृत्यूवर्ष पाहायला हवं.

पत्रांचं आणखी गमतीचं आहे. मुंबईत गिरणीत असलेल्या काकांनी अंबाजोगाईच्या आजीला पत्रं लिहिली. कागद आजीचा, कारण तिला तो मिळाला. मजकुरावरचा हक्क काकांचा, आणि त्यांच्यामागे त्यांच्या वारसांचा. सगळ्या वारसांचा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लेखनाची ६० वर्षं तर ते पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. त्यामुळे ज्याच्या कपाटात आजोबांची डायरी आहे तो तिचा एकटा मालक ठरत नाही, आणि ती एका रात्रीत स्कॅन करून टाकणारा भाचाही नाही. फोटोचं उलट. साधारणपणे हक्क छायाचित्रकाराचा, पण पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. म्हणून लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेला तो खुर्ची आणि पडद्याचा फोटो बहुधा घरचाच असतो.

आणखी एक जागा आहे, जिथे कायद्याच्या आधी रीत येते. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला गेलं की तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारतात आणि वही काढतात. आपल्या घरातलं कोण कधी येऊन गेलं, ते त्यात मिळतं, कधी पूर्वजांच्या सहीसकट. पुष्कळांना आपल्या खापरपणजोबांचं नाव पहिल्यांदा तिथेच कळतं. त्यातली आपली नोंद टिपून घेणं कुणाला खटकत नाही. पण पानं भराभर उलटून सगळ्यांचे फोटो काढले, तर त्यात शेजारच्या पन्नास घरांची माहितीही आली. ती वही त्या उपाध्यायांच्या घराण्याने सांभाळली, आणि त्यावर त्यांचा चरितार्थही आहे. एका घराची नोंद मागायला गेलेल्या माणसाने पूर्ण वही घेऊन यायची नसते.

आतापर्यंत आपण गेलेल्या माणसांविषयी बोललो. वंशावळीची खालची ओळ मात्र जिवंत असते, आणि खरी जोखीम तिथेच आहे.

स्वीडनमधल्या बोडिल लिंडक्विस्ट या चर्चच्या कामात मदत करणाऱ्या बाईंनी स्वतःच्या संगणकावर घरबसल्या काही वेबपानं केली. त्यात बरोबरच्या सहकाऱ्यांविषयी लिहिलं. कोण काय काम करतं, छंद काय, फोन नंबर काय. एकीच्या पायाला दुखापत झाली असून ती अर्धवेळ रजेवर आहे, हेही. हेतू वाईट नव्हता, उलट खेळीमेळीचा होता. कुणी नाराज झालं तेव्हा त्यांनी पानं काढूनही टाकली. तरी खटला झाला आणि ६ नोव्हेंबर २००३ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं, की जगात कुणालाही उघडता येईल अशा जागी टाकलेली माहिती 'घरगुती वापर' या सवलतीत बसत नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यातही माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला सूट आहे. तुमच्या वहीतली वंशावळ या सवलतीत बसते. तीच सगळ्या जगाला उघड्या असलेल्या साइटवर चढवली की सवलतीचा आधार किती उरतो, हा लिंडक्विस्टबाईंना पडलेलाच प्रश्न आपल्यालाही पडणार.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार आहे. पूर्ण जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव, गाव, नोकरीचं ठिकाण. कुलवृत्तांताच्या फॉर्मवर हे सगळे रकाने असतात. फोनवर 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला विश्वास मिळवायला नेमकं हेच लागतं. त्याहून नाजूक गोष्टीही वंशावळीत असतात. कुणी दत्तक आहे आणि त्याला ते अजून सांगितलेलं नाही. कुणाचं पहिलं लग्न मोडलं आहे. कुणी घरच्यांना न सांगता जातीबाहेर लग्न करून दुसऱ्या शहरात राहतं आहे, आणि तिचा पत्ता भावकीला कळू नये हीच तिची सुरक्षितता आहे. असा पत्ता उघड करणारा माणूस खोटं काहीच लिहीत नाही. तरी तो इजा करतो.

खोटं न लिहिता इजा करायचा दुसरा मार्ग म्हणजे गाळणं. जुन्या वंशावळींत मुली नसायच्या. असल्याच तर 'कन्या ३' एवढीच नोंद, नाव नाही. पूर्वी ती पद्धत होती असं म्हणून सोडून देता येईल, पण आज त्याच वंशावळीचा कागद वारसनोंदीच्या वेळी पुढे येतो. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने मुलीला जन्मतःच मुलाइतका वाटा आहे हे पक्कं झालं. तरी ज्या तक्त्यात आत्याच नाही, तो तक्ता ग्रुपवर फिरून फिरून 'आमच्या घराण्याची वंशावळ' बनतो. एखाद्या नातवाने तो हौसेने सुंदर रंगात डिझाइन केलेला असतो, आणि फेरफाराच्या वेळी काकांच्या हातात तोच असतो. आत्याचं नाव घालणं हा या कामात सौजन्याचा भाग नाही, अचूकतेचा आहे.

अचूकतेचं मोल प्रमाणपत्राच्या प्रकरणांत सर्वांत लख्ख दिसतं. महाराष्ट्रातल्याच माधुरी पाटील खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने जातपडताळणीची पद्धत घालून दिली. समित्या, दक्षता पथक, घरी जाऊन चौकशी. खोट्या प्रमाणपत्राला राज्याच्या कायद्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे, मिळालेला प्रवेश आणि नोकरीही जाते. आता विचार करा. एकाच गावात एकाच नावाचे दोन ज्ञानोबा असणं ही बीड जिल्ह्यात काही नवलाची गोष्ट नाही. कुणीतरी घाईत, मोडी नीट न लागल्याने, एका ज्ञानोबाच्या खाली दुसऱ्याची मुलं लावली. त्याखाली आधार लिहिला नाही. ती फाइल दहा घरांनी उतरवून घेतली. आता ती दहा ठिकाणी आहे, म्हणून खरी वाटते. वर्षभराने एखाद्या मुलीचा मेडिकलचा प्रवेश पडताळणीत अडकतो, तेव्हा पहिली चूक कुणी केली हे शोधायला काही मागमूस उरलेला नसतो.

म्हणून आधार लिहिणं. ही अभ्यासकांची चैन नाही. 'कोणत्या गावचं रजिस्टर, कोणतं वर्ष, कोणतं पान, मोडी किंवा उर्दू कुणी वाचली' एवढी एक ओळ खाली असली की चूक सापडते आणि दुरुस्त होते. तोंडी माहिती असेल तर 'आजीने सांगितलेलं' असं लिहायला लाज वाटायचं कारण नाही. उलट तपासणाऱ्याला कळतं, की इथे कागद नाही, आठवण आहे. आणि खात्री नसलेला दुवा तुटक रेघेने दाखवावा. तुटक रेघ पाहून कुणी आपल्याला कमी लेखत नाही.

हे सगळं वाचून 'मग काही करायचंच नाही का' असं वाटू नये. करायलाच हवं. वाळवी लागलेल्या कागदाला कॉपीराइट वाचवत नाही. ज्या घरांनी भीतीने ट्रंक बंद ठेवल्या, त्यांतल्या कितीतरी ट्रंका शेवटी रद्दीत गेल्या. जेध्यांनी शकावली दडवून ठेवली असती तर आपण अजून चुकीच्या सालाची शिवजयंती साजरी करत असतो.

करायचं कसं, एवढाच प्रश्न आहे. गेलेल्यांची माहिती खुली ठेवता येते. हयात माणसांचं फक्त नाव, तेही विचारून, आणि नको म्हणणाऱ्याच्या जागी नुसती रिकामी चौकट. कुलवृत्तांतातली माहिती आपल्या शब्दांत लिहायची आणि ग्रंथाचं, संपादकाचं नाव द्यायचं. पूर्ण पान हवं असेल तर मुदत पाहायची किंवा त्या मंडळाला विचारायचं. डायरी, पत्रं टाकण्याआधी सगळ्या शाखांना कळवायचं. कागदाचा फोटो टाकताना तो कुणाच्या घरातला हे त्यांच्या संमतीने लिहायचं. कुणी चूक दाखवली तर दुरुस्ती तारखेसह नोंदवायची, गुपचूप बदलायची नाही. आणि एखाद्याने 'माझं काढा' म्हटलं, तर कारण न विचारता काढायचं.

यंदा सुट्टीत गावी गेलात आणि माळ्यावर लाल कापडात बांधलेलं दप्तर दिसलं, तर मोबाइल काढण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. ते सांभाळलं कुणी, ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर एखाद्या सुनेचं नाव असतं, जिने पावसाळ्यात ते गळक्या खोलीतून कोरड्या खोलीत हलवलं आणि दर उन्हाळ्यात त्याला ऊन दिलं. वंशावळीत तिला जागा नसेल. फोटोखालच्या ओळीत तिचं नाव लिहायला कुठलाच कायदा आड येत नाही.